टोपलीखालची राख

टोपली उचलली तेव्हा राख कोरी होती. रात्रीत कुणी फिरकलं नाही म्हणून कोरी, असं नव्हतं. तशी राख मी ओळखत होते. टोपलीच्या फटींतून उतरलेल्या दवामुळे तिच्यावर बारीक खडबडीत पापुद्रा धरलेला असतो. ही राख कुणीतरी गवताच्या जुडीने एका दिशेने पुसून सपाट केली होती. मधोमध ठेवलेली शेंगदाण्याच्या कुटाची गोळी गायब होती. टोपली मात्र मी ठेवते तशीच, तीन दगडांवर, परत उपडी घातलेली होती.

गुरांनी किंवा शेळ्यांनी लाथाडली असती तर टोपली लांब पडली असती. कुत्र्याने गोळी खाल्ली असती तर राखेत त्याचे पंजे दिसले असते. मी उभी राहून माळावर चौफेर बघितलं. कुणी नव्हतं. तरी पाठीमागून कुणीतरी बघतंय असं वाटत राहिलं, आणि मी त्या दिवशी फोटो न काढताच घरी आले.

मी जुन्नरच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे प्रोजेक्ट म्हणजे काय, हे घरी समजावून सांगताना माझीच बोलती बंद व्हायची. विषय होता कोरड्या गवताळ माळावरचे लहान सस्तन प्राणी आणि त्यांच्या राहण्याच्या जागेची स्थिती. पप्पा मंचरच्या बाजारात टेम्पो चालवतात. त्यांनी विचारलं, उंदीर मारायचे नाहीत, धरायचे नाहीत, मग करायचं काय? मी म्हणाले, पावलं बघायची. ते म्हणाले, बरं, पण सापाला सांभाळ.

जागा मी आमच्या महाळुंगे पडवळचीच निवडली होती, कारण तिथे दोन तऱ्हेची जमीन एकमेकींना लागून होती. वर गावाचा माळ. तो दर उन्हाळ्यात कुणीतरी पेटवून देतं. नवं गवत जोमानं येतं म्हणतात. वर्षभर त्यावर शेळ्यामेंढ्या फिरतात, त्यामुळे हिवाळ्यात तिथे नुसता मुरूम, दगड आणि जळक्या गवताचे ठोंब उरतात. त्याच्या खाली दगडांचा एक जुना बांध आणि बांधाच्या खाली एका शेतकरी घराचा गवताचा पट्टा. तो कधी पेटवला जात नव्हता. दसऱ्यानंतर गवत पिकलं की कापायचं, तोवर कुणाचं जनावर आत येऊ द्यायचं नाही, अशी त्या घराची रीत होती. त्या वर्षी तर तिथे विळाच लागला नव्हता. घरातला थोरला भाऊ ऐन गवत कापायच्या दिवसांत वारला होता आणि गवत तसंच कमरेएवढं उभं राहिलं होतं.

वर जळकं, खाली राखलेलं. दोन्हीकडे रात्री कोण कोण फिरतं ते बघून तुलना करायची. कॉलेजात पिंजरे नव्हते, म्हणून सरांनी राखेची पद्धत सांगितली. चुलीतली राख चाळून जमिनीवर चौकोनात पसरायची, मधे खाऊ ठेवायचा, सकाळी पावलांचे फोटो काढायचे. दवाने राख भिजते आणि पक्षी गोळी पळवतात म्हणून वर टोपली झाकायची युक्ती माझी. बाजारात आता सगळीकडे प्लास्टिकचे क्रेट आलेत, पप्पांनी कुठल्यातरी गाळ्यामागून बांबूच्या मोडक्या टोपल्या आणून दिल्या. टोपली दगडांवर उपडी टेकवली की खालून उंदीर जाईल एवढी फट राहते. मला ती युक्ती फार आवडली होती. सरांनीही मान हलवली होती.

परवानगी घ्यायला मी त्या घरातल्या धाकट्या भावाकडे गेले. थोरल्यानंतर शेत तोच बघत होता. तो कांदा साठवायच्या चाळीपुढे मोटारसायकल पुसत होता. माझं ऐकून हसला.

"उंदरं बघायचीत? मंग माळावं कशाला जाती, आमच्या चाळीत ये की. लई हायेत. मोजून घे, दोन घरी पण घिऊन जा."

मग हसणं थांबवून त्याने बारीक चौकशी केली. मोजणीचं तर काही नाही ना? सरकारी? बिबट्याचं काही? पट्टीत बिबट्या हाय असं कागदावर आलं की आमचं जमिनीतलं काम बंद पडायचं. मी नाही नाही म्हणत राहिले. जितक्या वेळा म्हणाले तितका तो जास्त निरखून बघायला लागला. शेवटी म्हणाला, कर काय करायचं ते, पण उन्हाळ्याच्या आत आटप. गवत काढून, बांध फोडून, जेसीबीनं सगळं एकसारखं करायचंय, तिथं कांदा लावायचाय. म्हणजे ही तुलना यंदाच होणार होती. पुढच्या वर्षी खालची जमीन गवताची राहणारच नव्हती.

पहिल्या रात्री कुठेच पावलं उमटली नाहीत. दुसऱ्या रात्री राखेच्या कडेकडेने उमटली. कुणीतरी चौकोनाभोवती पूर्ण फेरी मारून, एक पाय आत टाकून, परत फिरलं होतं. तिसऱ्या रात्रीपासून ती आत यायला लागली. वरच्या जळक्या बाजूला एकाच जातीच्या उंदराची पावलं, लांब उड्यांची, सरळ रेषेत. एका ठोंबापासून निघून गोळी उचलून थेट दुसऱ्या ठोंबाकडे. मधे थांबायला आडोसाच नव्हता. खालच्या गवतात मात्र पावलं रेंगाळायची. छोटा उंदीर, मोठा उंदीर, चिचुंद्री, एकदा मुंगसाचा पंजा. गोळीभोवती फिरून, राखेत शेपूट टेकवून बसल्याच्या खुणासुद्धा. मी ते फोटो बसमध्ये परत परत मोठे करून बघायचे.

सरांनी ते फोटो बघितले आणि विचारलं, हे खरंच तिथलेच ना? मी हो म्हणाले. सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी सांगितलं की मागे एका मुलाने घरच्या अंगणात शेजाऱ्याचं मांजर फिरवून ठसे आणले होते. "तेव्हापासून मला स्वच्छ पावलं दिसली की शंका येते," ते म्हणाले. मी हसले, पण माझे कान तापले होते.

आणि त्यानंतर लगेच खालच्या चौकोनांवर हात फिरायला लागला. वरच्या चौकोनांना कुणी शिवत नव्हतं, फक्त खालच्या. त्यातही बांधाला लागून असलेल्या दोन टोपल्या रोज. सरांना मी कोऱ्या राखेचे फोटो दाखवले. आधी भरगच्च, आता एकदम काहीच नाही. त्यांनी आधीचे आणि आताचे फोटो पुढेमागे करून बघितले. म्हणाले, रविवारी मी स्वतः येतो. खालच्या बाजूची अशीच अवस्था असेल तर तुलना सोडून दे आणि साधा विषय घे. ते रागावले नव्हते. मला वाटतं त्यांनी ठरवून टाकलं होतं की आधीचे फोटो मी कुठून तरी आणले आणि आता मला ते जमत नाहीये. बसमध्ये मला खिडकीबाहेर काही दिसत नव्हतं. खोटं केलं असतं तर निदान काय कबूल करायचं ते कळलं असतं.

मग मी संशय घ्यायला लागले, आणि एकदा सुरुवात केली की त्याला अंत नसतो. फाट्यावर एस.टी.ची वाट बघणारी पोरं मला "उंदरांची शाळा भरली का गं?" म्हणून चिडवायची. ती असतील. शेळ्या चारणारे असतील. आईने तर वेगळंच सुचवलं. ती म्हणाली, आपल्या वस्तीतली पोरगी दिवस उगवायच्या आत त्यांच्या पट्टीत जाते, कुणाला खुपत असंल. मला ते पटवून घ्यायचं नव्हतं, पण ते डोक्यातून जाईना. सगळ्यात जास्त मला धाकट्या भावाचाच संशय होता. मी कंटाळून निघून जावं म्हणजे त्याला जेसीबी लवकर लावता येईल, असं मी मनात जुळवून टाकलं.

एक गोष्ट मात्र कशातच बसत नव्हती. पुसलेल्या चौकोनातली गोळी मला रोज बांधावर सापडायची. सपाट दगडावर, पळसाच्या पानावर ठेवलेली. कुणी माझी थट्टा करत असेल तर एवढ्या निगुतीने कशाला करेल?

शनिवारी मी नेहमीपेक्षा आधी गेले आणि बांधाच्या वरच्या अंगाला बसून राहिले. उजाडायला लागलं तशी खालून एक बाई आली. त्या घरातली थोरली सून, तीच जिचा नवरा वारला होता. हातात विळा नाही, दोरी नाही. टोपलीपाशी गुडघ्यावर बसली. टोपली दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवली आणि राखेवर इतकी वाकली की तिचा श्वास राखेला लागत असेल. बराच वेळ ती तशीच होती. मग गवताची जुडी उपटून तिने राख पुसली, गोळी पानावर घेऊन बांधावर ठेवली आणि मान वर करून आभाळात बघत उभी राहिली.

मी उठले तशी ती दचकली.

"कोण हाय?"

"मी, मावशी. वस्तीवरची. कॉलेजचं काम—"

"हे तू मांडतीस?"

"हो."

"कुणी सांगितलं तुला?"

"सरांनी."

"सर कोण? भाऊजींचा कोण लागतो?"

मी कोणी नाही म्हणाले. तिने माझ्या मोबाइलकडे, पिशवीतल्या चाळणीकडे, परत माझ्याकडे बघितलं. विश्वास बसला नव्हता. "तू कुणाच्या घरची?" विचारून झालं, मी सांगितलं, आणि मग ती जरा वेगळ्या आवाजात म्हणाली, "तुमच्यात करत न्हाईत व्हय हे?"

काय करत नाहीत ते मला तिच्याकडून कळलं. घरात माणूस गेलं की ज्या जागी त्याला ठेवलेलं असतं तिथे रात्री राख नाहीतर पीठ पसरतात, मधे पिठाची गोळी ठेवतात, दिवा लावतात आणि वर टोपली झाकतात. सकाळी टोपली उचलून बघतात की कशाची पावलं उमटली. त्यावरून गेलेलं माणूस पुढे कशात गेलं ते समजतं. आमच्या घरी पणजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हापासून असले विधी बंद. मयतानंतर वंदना होते, पुण्यानुमोदन होतं, बस. गावात एवढी वर्षं राहून ही गोष्ट मी कधी बघितली नव्हती, आणि आईनेही नाही. राख, टोपली, मधे गोळी. एक दिवा सोडला, तर मी ते सगळं जसंच्या तसं मांडून ठेवलं होतं. आणि तिचा नवरा कोसळला ती जागा बांधालगतची होती. माझ्या दोन टोपल्यांच्या मधली.

मी बांध उतरून खाली आले. ती मात्र बोलत राहिली, जणू कुणाला तरी सांगायचं राहून गेलं होतं. घरी राख मांडली त्या सकाळी धाकटा दीर सगळ्यांच्या आधी उठला. एकट्याने टोपली उचलली आणि सगळ्यांना सांगितलं, काही उमटलं नाही.

"एवढ्या माणसाचं कायबी उमटत न्हाई व्हय? मुंगी तरी फिरंल का न्हाई?"

तिची खात्री होती की त्याने पुसलं. काहीतरी उमटलं होतं आणि ते त्याला नको होतं. नवरा या पट्टीतून हललेला नाही हे त्याला कळलंय, म्हणूनच त्याला बांध फोडायची घाई आहे. इथे टोपल्या दिसल्या तेव्हा तिला वाटलं की दिरानेच कुणाकडून तरी मांडून घेतल्या. पावलं त्याच्या हाती लागली तर तो भगत आणेल, बंदोबस्त करेल. म्हणून ती त्याच्याआधी येऊन बघत होती आणि पुसत होती.

"आन् गोळी?" मी विचारलं.

"कावळ्याला."

"शिवला का?"

"एकदा आलं व्हतं काय तरी. साळुंकी व्हती." तिच्या ओठाला हसू येऊन गेलं. मग तिने दुसऱ्या, अजून न उचललेल्या टोपलीकडे बोट केलं. "तू शिकलेली हायेस. खरं सांग. कुणाची पावलं असत्यात ही?"

मला उद्या सर येणार होते. तिने राख पुसू नये एवढंच मला हवं होतं, आणि काय उत्तर दिलं तर ती पुसणार नाही हे मला कळत नव्हतं. मी टोपली उचलली. पावलं होती. मी काडी घेऊन दाखवली. पुढच्या पायाला चार बोटं, मागच्या पायाला पाच, हा उंदीर. ही दोन्हीकडे पाच बोटं, ही चिचुंद्री. बोलताना माझा आवाज वर्गात सेमिनार देताना होतो तसा बारीक झाला होता.

तिने शेवटपर्यंत ऐकलं. "उंदरं असत्यात ते मलाबी दिसतंय गं," ती म्हणाली. "मी काय येडी हाय? पण हितंच का? वर माळावर एवढी न्हाईत. मी बघून आले तुझ्या वरच्या टोपल्या."

मी सांगितलं की वर जाळतात, त्यामुळे लपायला आणि खायला काही राहत नाही, घार-घुबडाला उंदीर लांबून दिसतो. इथे गवत उभं आहे, बी पडलंय, बांधाच्या दगडांत बिळं आहेत.

"गवत त्यांनी राखलं," ती म्हणाली. "बी झडल्याबिगर कुणाला विळा लावू देत नव्हते. भाऊजी लई बोलायचे त्यावरून."

ती खाली बसली आणि पदराने डोळे न पुसता नुसता चेहरा पुसला. मीही बसले. सलवारीला चिकटलेली कुसळं उपटत राहिले. जाताना तिने एवढंच विचारलं, की दिराला सांगणार नाहीस ना. मी नाही म्हणाले. उद्या राख पुसणार का, हे मला विचारवलं नाही.

रविवारी सर मोटारसायकलवर आले. नवीन माणूस दिसला म्हणून धाकटा भाऊही मागोमाग आला आणि त्याच्या पाठीमागे, थोडं अंतर ठेवून, ती. वरचे चौकोन बघून झाले. मग आम्ही बांध उतरलो. मी पहिली टोपली उचलली.

राखेत जागा उरली नव्हती. एकावर एक पावलं, शेपट्यांच्या रेघा, कडेला मुंगसाचे दोन पंजे. सर उकिडवे बसले, चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी बोटं मोजली, माझ्याकडे न बघता म्हणाले, "ठीक आहे. विषय बदलू नकोस." दुसऱ्या टोपलीलाही ते स्वतःच गेले.

धाकटा भाऊ मात्र जवळ आला नव्हता. टोपली, राख आणि गोळी बघून तो जागच्या जागी थांबला होता. चाळीपुढे हसणारा माणूस तो हा वाटत नव्हता. त्याने भावजयीकडे वळून हळूच विचारलं, "वयनी, तुमी मांडलं का हे?"

"न्हाई बा. कॉलेजचं हाय," ती म्हणाली. "उंदरं मोजत्यात."

तिने ते इतक्या सरळ सांगितलं की खरं असूनही ते खोटं वाटलं. त्याने माझ्याकडे बघितलं, सरांकडे बघितलं, आणि चपला काढून ठेवून दोन पावलं मागे सरकला.

मी काम पुरं केलं. थंडी संपेपर्यंत दोन्हीकडची राख कुणी पुसली नाही. उन्हाळ्यात मी मंचरच्या स्टँडवर बसची वाट बघत होते, तेव्हा तो गर्दीतून माझ्याकडे आला. कांद्याची गाडी खाली करून आला असावा. अंगाला टरफलं चिकटली होती. त्याने इकडचं तिकडचं विचारलं, निकाल कधी, पुढं काय करणार. मग आवाज खाली आणून म्हणाला, "बाय, त्या पावलात आमच्या दादाचं काय निघालं का? मला सांग. मी कुणाला बोलत न्हाई."

"नाही काका. खरंच उंदरांचीच होती. फोटो आहेत माझ्याकडे, दाखवते."

त्याने फोटो बघितले नाहीत. माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी खोटं बोलताना कशी दिसते हे त्याला माहीत असण्याचं कारण नव्हतं, पण त्याने जे बघायचं ते बघितलं.

"बरं," तो म्हणाला. "नसंल सांगायचं तर ऱ्हाऊ दे."

जेसीबी आला, पण बांधाच्या खालचा पट्टा सोडून पलीकडच्या तुकड्यात चालला. गावात म्हणतात, त्याला यंदा एवढीच जमीन करायची होती. पावसाळ्यानंतर मी पुन्हा तिथे गेले. गवत कमरेला लागत होतं आणि बी अजून झडायचं होतं. बांधावर मावशी उभी होती, शेळ्यावाल्या पोरांना लांबूनच हाका मारून हाकलत होती.